सरांचं स्थानक आणि माझी सिंगल बेल

घंटीच्या दोरीपर्यंत माझा हात पोचला नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी एसटीत कंडक्टर. भूम डेपो. त्या मंगळवारी आम्ही तुळजापूरहून परतत होतो. देवीचा वार, गाडीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. एका आजीला फाट्यावर उतरायचं होतं म्हणून मी सवयीनं हात वर केला, तर तो खांद्याच्या वर जाईचना. सकाळपासून पायात मुंग्या येत होत्या, तिकडं मी लक्ष दिलं नव्हतं. उभ्यानं नोकरी करणारीच्या पायाला मुंग्या यायच्याच. पण हात? फाटा मागं गेला, आजी मला शिव्या घालायला लागली आणि मी तोंडानं ओरडले, "रशीदभाई, थांबवा."

रशीदभाई आमच्या गाडीचे ड्रायव्हर. आमची जोडी अकरा वर्षांची. त्यांनी ब्रेक मारला आणि चक्क मान वळवून मागं बघितलं. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. सगळा कारभार त्यावर चालतो. ड्रायव्हर मागं बघत नाही, कंडक्टर पुढं ओरडत नाही. अकरा वर्षांत मी त्यांना तोंडानं कधी थांबवलं नव्हतं.

भूमला उतरताना पायरीवर गुडघा मुडपला आणि मी स्टँडवर सगळ्यांच्या देखत बसकण मारली. खरं सांगते, आधी लाज वाटली. भीती नंतर.

हे लिहा म्हणून जयश्री सिस्टर मागं लागल्या. त्या कोण ते पुढं येईलच. त्यांच्याकडं माझ्यासारखे पेशंट येतात, त्यांच्या घरच्यांना वाचायला द्यायचंय. शुद्धलेखन आमच्या सरांनी तपासलंय. मजकुराला हात लावायचा नाही, अशी त्यांना ताकीद दिलेली आहे.

नाव कळलं तो दिवस

सर म्हणजे आमचे मालक. भूमजवळच्या ईट गावच्या शाळेत विज्ञान शिकवतात. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मी त्यांना घरातही सरच म्हणते. आधी चेष्टेनं म्हणायची, मग तेच नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला भिंत धरूनसुद्धा उभं राहता येईना. सरांनी गाडी बोलावली. धाराशिवला डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, पाय जागचा हलला नाही. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहून सोलापूरला धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, मागच्या महिन्यात पोट बिघडलं होतं का? बिघडलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी दोन दिवस जुलाब झाले होते, मी तशीच ड्युटी केली होती.

जीबीएस, ते म्हणाले. शरीराची राखण करणारी फौजच चुकून आपल्या नसांवर तुटून पडते. बहुतेक माणसं बरी होतात, पण हा आजार आधी पायांकडून वर चढतो आणि मग उतरतो.

"कुठवर चढतो?" सरांनी विचारलं.

डॉक्टरांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

त्या दिवसापासून मला रोज एका श्वासात आकडे मोजायला लावायचे. पहिल्या दिवशी मी सव्वीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी पंधरा. सर पलंगाशी उभे राहून माझ्याबरोबर ओठ हलवत मोजायचे, जणू त्यांच्या मोजण्यानं माझा आकडा वाढणार होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सातवर श्वास संपला. सर बाराच्या पुढं गेले होते. त्यांनी ओठ मिटून घेतले.

घरी सासूबाईंनी वेगळंच निदान काढलं होतं. मंगळवारी म्हातारीला फाट्याच्या पुढं नेलं, तिचे शिव्याशाप लागले. सर फोनवर त्यांच्यावर कधी नव्हे ते खेकसले. मग बारावीच्या परीक्षेला बसलेल्या आमच्या ऋतुजानं फोन हातात घेतला आणि विचारलं, "पप्पा, खरं सांगा, मम्मी वाचणार हाय ना?" फोन माझ्या उशाशीच होता. सरांनी "व्हय" म्हटलं, पण ते म्हणायला त्यांना लई वेळ लागला.

दुपारी मला नळी घालून मशीनवर ठेवलं. मशीन माझ्या वतीनं श्वास घ्यायला लागलं.

डोळे तेवढे उरले

लोकांना वाटतं मशीनवरचं माणूस बेशुद्ध असतं. मी नव्हते. सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं. कपाळावर माशी बसली तर तिचे सहाच्या सहा पाय कळायचे. फक्त काही हलायचं नाही. उरल्या होत्या त्या दोन पापण्या.

नळी घातली तेव्हा गुंगीचं औषध दिलं होतं. त्या गुंगीत आयसीयूच्या जयश्री सिस्टरनी मला सांगितलं म्हणे, "ताई, हो असेल तर एकदा डोळे मिटा, नाही असेल तर दोनदा." सरांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. शिक्षक माणूस. पण माझ्या कानापर्यंत त्यातलं एक अक्षर आलं नाही. जागी झाले तेव्हा सगळे धरून चालले की हिला सांगितलंय.

मग मी काय करणार? मला जी भाषा येत होती तीच बोलले. एक म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला.

सिस्टर विचारायच्या, नळीतला कफ ओढून काढू का? त्या ओढण्यानं जीव घशात यायचा. मी एकदा मिटायची: थांबा, जरा दम खाऊ द्या. त्या लगेच ओढायला घ्यायच्या. पंखा कमी करू का? मी दोनदा मिटायची: करा, बाई, करा. त्या पंखा तसाच ठेवून निघून जायच्या आणि मी गारठून पडायची. मी मनातल्या मनात त्यांना जे काही म्हटलंय ते स्टँडवर म्हटलं असतं तर माझ्यावर तक्रार झाली असती.

दोन दिवसांनी राग गेला आणि त्याहून वाईट गोष्ट डोक्यात आली. मी दोनदा मिटते, ह्यांना दिसत नसेल. पापण्या दोनदा हलतच नसतील. आजार वर चढतो, डॉक्टर म्हणाले होते. छातीवर थांबला कशावरून? तो डोळ्यांपर्यंत आला असेल. हा विचार आल्यावर मी छताकडं बघत पापण्या मोजत राहायची. एक, दोन. एक, दोन. शेवटची दोरी तेवढीच होती माझ्याकडं.

सरांचं डबडं

आता त्या मालिकेचं सांगते.

सरांनी कॉलेजात असताना वसतिगृहाच्या टीव्हीवर एक इंग्रजी मालिका बघितली होती. आकाशात लांब कुठंतरी एक भलंमोठं स्थानक आहे, तिथं वेगवेगळ्या ग्रहांची यानं येतात-जातात, अशी काहीतरी कथा. लई जुनी. सगळेच्या सगळे भाग त्यांनी जपून ठेवलेत. लग्न झाल्यापासून दरवर्षी सुट्टीत ते म्हणणार, एक भाग बघ, फक्त एक. आणि मी म्हणणार, दिवसभर एका स्थानकावर उभी असते, सुट्टीत दुसरं कशाला? त्या मालिकेला मी डबडं म्हणायची. सर कानात वायरी घालून एकटे बघायचे.

पेशंट शुद्धीत आहे, काहीतरी दाखवा, ऐकवा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दुपारी दोन तास सरांना आत बसायची परवानगी दिली. सर टॅब घेऊन आले. माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि भीत भीत विचारलं, "आपलं ते स्थानक लावू का गं?"

मी एकदा डोळे मिटले. चांगले गच्च. थांबा!

सरांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. एकोणीस वर्षांनी बायको हो म्हणाली. त्यांनी टॅब सलाइनच्या स्टँडला सुतळीनं बांधला आणि पहिला भाग सुरू केला. मान वळवता येत नव्हती, पळून जायची सोय नव्हती. डोळे मिटून घेतले तर सर घाबरून सिस्टरला हाक मारायचे.

दुसऱ्या दिवशी तेच. लावू का? थांबा! लावलं. मला वाटलं, हा माणूस माझ्या असहायतेचा फायदा घेतोय.

पुठ्ठ्याच्या भिंती दिसून यायच्या. कपाळाला कारली चिकटवल्यासारखी परग्रहावरची माणसं. सतरा फलाट, पण चौकशीची खिडकी एक नाही. यानं वेळापत्रक नसल्यागत केव्हाही येणार. त्यांच्या साहेबाला मी मनात डेपो मॅनेजर नाव दिलं, कारण तोही काही बिघडलं की आधी खिडकीतून बाहेर बघत उभा राहायचा. इंग्रजी मला कळत नाही. सर माझ्या कानाशी बसून हळू आवाजात आपल्या बोलीत सांगायचे: "हा म्हणतोय, तुमचं यान इथं लावू नका, मागून दुसरं येतंय."

आणि एक बाई होती. स्थानकाच्या तळाला हवेचं मशीन सांभाळायची. हातात पाना, केस बांधलेले, तोंड फाटकं. वरच्या मजल्यावरचे लोक तिला विचारत नसत, पण हवा कमी पडली की सगळे तिच्याकडं धावत. सर तिला हवावाली म्हणायचे. त्या स्थानकाच्या बाहेर हवा नाही. आत जी आहे ती एका मशीनची. हे कळलं त्या दिवशी मी ते डबडं मनापासून बघायला लागले. तिच्या समोरच्या तक्त्यावर आकडा खाली यायचा तेव्हा मी माझ्या उशाच्या मशीनचा आवाज ऐकायची, चालू आहे ना.

पण आता उलटं व्हायला लागलं. भाग संपला की सर विचारायचे, अजून एक बघायचा? मी दोनदा मिटायची: चला. सर म्हणायचे, दमलीस, बरं, आणि बंद करायचे.

ह्या टॅबवरून बाहेर भांडणही झालं, ते मला नंतर कळलं. माझा भाऊ भेटायला आला होता. काचेतून त्यानं बघितलं, बहीण मशीनवर आणि दाजी सिनेमा बघतायत. त्यानं सरांची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली. सर त्याला एवढंच म्हणाले, "तिला आवडतंय. ती रोज हो म्हणते."

सहाव्या दिवशी तळमजल्यावर हवा गळायला लागली. हवावाली धावत आत गेली आणि तिनं मधलं दार आतून लावून घेतलं. दाराला गोल काच होती. काचेच्या पलीकडं तिचा चेहरा, काचेवर तिचा पंजा. अलीकडं डेपो मॅनेजर. ती काहीतरी बोलली आणि सर गप्प झाले. त्यांनी टॅब थांबवला आणि विचारलं, "पुढं बघायचं का?"

मी दोनदा मिटले. मग पुन्हा दोनदा. चला, सर, चला.

"नको? बरं, नको." त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं आवाजावरून कळलं. ते गेले आणि मी दुसऱ्या दिवसापर्यंत त्या काचेपाशीच पडून राहिले.

ती सकाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, आज मशीनचा आधार कमी करून बघू, तुम्ही किती ओढता ते कळेल. त्रास झाला तर सिस्टरना सांगा. त्यांनी बटणं फिरवली, पाच मिनिटं बघितलं आणि ते शेजारच्या पेशंटकडं गेले. त्याची तब्येत अचानक बिघडली होती.

सुरुवातीला बरं वाटलं. माझा श्वास मी घेतेय, हे कळत होतं. मग तो आखूड व्हायला लागला. छातीवर कुणीतरी ज्वारीचं पोतं ठेवलं, मग त्यावर दुसरं. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा अजून बरा होता, आत मी संपत चालले होते.

"जमतंय का, ताई?" जयश्री सिस्टरनी विचारलं.

मी एकदा मिटले. थांबा.

"शाब्बास." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "अजून थोडं करू?"

थांबा.

"वा! बघा, हिंमत आहे तुमच्यात."

घाम डोळ्यांत उतरत होता. मी एकेक करून मिटत राहिले. थांबा. थांबा. सिस्टर हसून मान डोलवत होत्या. त्यांच्या हसण्यात खोट नव्हती, त्या मनापासून माझं कौतुक करत होत्या. मला कळलं की मी ह्या बाईच्या देखत, उजेडात, गुदमरून मरणार आहे आणि ती मला शाब्बास म्हणत राहील. ऋतुजाचा पेपर आहे आज, एवढंच डोक्यात आलं. कुठला पेपर ते आठवेना.

अकराची भेटायची वेळ झाली होती. सर शाळेत सही करायला गेले होते म्हणून त्यांच्या जागी रशीदभाई आले. खाकी कपड्यातच होते, गाडी सोलापूरला लावून आलेले. पलंग उशाकडून उंच केलेला होता, ते पायाशी दोन पावलं मागं उभे राहिले, पायातल्या चपलांपर्यंत मला दिसत होते.

सिस्टरनी पुन्हा विचारलं, "चालू ठेवू ना, ताई?"

मी एकदा मिटले. आणि मला दिसलं, रशीदभाईंचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. आपसूक. ब्रेकवर पडतो तसा.

त्यांनी खाली स्वतःच्या पायाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"सिस्टर, थांबवा. ताई थांबा म्हणतीय."

"नाही हो, मामा. एकदा मिटलं म्हणजे हो. ठरलंय आमचं."

"तुमचं ठरलं असंल. अकरा साल हो गए, सिस्टर. इनका एक म्हणजे थांबा. सिंगल बेल हाय ती."

सिस्टर माझ्याजवळ वाकल्या. "ताई, मशीनचा आधार परत वाढवू?"

मी दोनदा मिटले. त्यांच्या हिशेबानं ते नाही होतं. मशीनवरचा आकडाही अजून वाईट नव्हता. त्या तशाच वाकलेल्या, माझ्याकडं बघतायत, आणि मला काळंनिळं दिसायला लागलेलं. त्यांनी रशीदभाईंकडं बघितलं. त्यांचा पाय अजून फरशीवर गच्च दाबलेला होता.

सिस्टरनी हात लांब करून बटण फिरवलं आणि डॉक्टरना हाक मारली.

छातीवरचं एक पोतं उतरलं, मग दुसरं. मला रडता येत होतं हे तेव्हा पहिल्यांदा कळलं, कारण कानात पाणी गेलं. रशीदभाईंनी तेव्हा कुठं पाय उचलला.

कागद आणि वही

त्या दिवशी जयश्री सिस्टरनी एक कागद माझ्या उशाशी भिंतीला चिकटवला. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मग एकेक करून मागचं विचारलं. पंखा? कफ? दिवा? त्यांना सगळं उमगलं तेव्हा त्यांनी माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला. चूक त्यांची म्हणावी तर त्यांनी सांगितलं होतं. माझी म्हणावी तर मी ऐकलंच नव्हतं. म्हणून घरच्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, तुमच्या माणसाच्या एका मिटण्याचा अर्थ काय, हे तुम्ही ठरवू नका. त्याला विचारा, आणि रोज सकाळी नव्यानं विचारा.

सर दुपारी आले. त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग खिशातून आपली छोटी वही काढली, तिच्यात माझे रोजचे हो-नाही लिहिलेले, आणि पानं मागं उलटत गेले.

"म्हणजे पहिल्या दिवशी तू नको म्हणालीस."

त्यांचा चेहरा बघवेना. ते उठले आणि स्टँडची सुतळी सोडायला लागले. गाठ त्यांना सुटेना. "मला माफ कर, सुनंदा. मी तुला बांधून माझं डबडं दाखवलं." डबडं हा शब्द त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदाच ऐकला.

मी एकदा मिटले. त्यांची पाठ होती. पुन्हा मिटले. पलीकडच्या कॉटवरून जयश्री सिस्टर म्हणाल्या, "सर, त्या थांबा म्हणतायत."

सर वळले. सुतळी हातात तशीच. मी कालपासून थांबलेल्या टॅबकडं डोळे फिरवले, मग त्यांच्याकडं.

"लावू?"

मी दोनदा मिटले.

त्यांनी लावलं. काचेवर पंजा, काचेमागं चेहरा. हवावालीचे ओठ हलले. सरांनी श्वास घेतला आणि हळू सांगितलं, "ती म्हणतेय, इकडची हवा गेली. मी दुसऱ्या बाजूनं येते."

पुढच्या भागांत ती दिसली नाही. मी डोळ्यांनी विचारायची, सर म्हणायचे, तिची बदली झाली, लांबच्या स्थानकावर. मला पटलं. काम करणाऱ्या माणसाचीच बदली होते.

दुसऱ्या बाजूनं

चार दिवसांनी पुन्हा मशीन कमी केलं. ह्या वेळी डॉक्टर हलले नाहीत, सिस्टर हलल्या नाहीत, सरांना आत उभं केलं. रशीदभाईंनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, "ताई, सगळा रस्ता एकदम बघायचा न्हाय. एक स्टॉप, मग पुढचा स्टॉप." मी मनातल्या मनात भूमवरून गाडी काढली. एका श्वासाला एक थांबा. धाराशिवच्या अलीकडं भीती पुन्हा आली, तीच, काळी. तेव्हा मी त्या बाईला आठवलं. इकडची हवा गेली, मी दुसऱ्या बाजूनं येते. पंधरा-वीस वेळा मनात तेच म्हटलं. तुळजापूर आलं, मी गाडी वळवून परत निघाले.

नळी काढल्यावर माझ्या तोंडून फाटक्या आवाजात पहिला शब्द आला तो देवाचा नव्हता. मी जयश्री सिस्टरना म्हटलं, "पंखा कमी करा."

मग पाच आठवडे तिथं, आणि घरी सात महिने. चमचा धरायला शिकले, बसायला शिकले, भिंत धरून संडासापर्यंत जायला शिकले. सासूबाई मला घास भरवायच्या आणि रोज त्या फाट्यावरच्या म्हातारीची माफी मागायला लावायच्या. मी मागायची. भाऊ आला, सरांच्या पाया पडला, सर इतके लाजले की घराबाहेर निघून गेले.

ऋतुजाची परीक्षा संपली होती. एका दुपारी ती म्हणाली, मम्मी, ते तुमचं स्थानक मलाही दाखव. आम्ही दोघी बघत बसलो. तिला इंग्रजी येतं. तो दाराचा भाग आला आणि पोरगी एकदम रडायला लागली. मी म्हटलं, रडतेस काय, बदली होते तिची, येईल ती दुसऱ्या बाजूनं.

ऋतुजानं टॅब थांबवला. "मम्मी, ती 'दार उघडू नका' म्हणाली. दुसरी बाजूच न्हाय तिथं. मेली ती."

संध्याकाळी सर ईटहून आले. मी चहा पुढं ठेवला आणि विचारलं, "हवावालीची बदली कुठल्या डेपोला झाली, हो?"

त्यांनी ऋतुजाकडं बघितलं, मग कपाकडं. आख्ख्या नोकरीत पोरांना चुकीचं काही शिकवलं नाही म्हणून मिरवणारा माणूस.

"त्या खोलीत," ते म्हणाले, "'दार उघडू नका' हे मला मराठीत म्हणता आलं नसतं."

मी त्यांना त्या श्वासांचं सांगितलं. त्यांच्या खोट्या भाषांतरावर मी तुळजापूरला जाऊन परत आले, हे सांगितलं. चहावर साय धरली. मग ते इतके रडले की ऋतुजा उठून आत गेली.

ईट

कामावर घेतलं तेव्हा मला आधी चौकशीच्या खिडकीत बसवलं. मग जवळची फेरी दिली, भूम ते ईट. स्टेअरिंगवर रशीदभाई. त्यांनी अर्ज करून ती फेरी मागून घेतली होती.

पहिल्या दिवशी सकाळी सरांनी मोटारसायकल घरी ठेवली आणि माझ्या गाडीत येऊन बसले. तिकीट मागितलं. मी म्हटलं, कुठं? म्हणाले, स्थानक. मी म्हटलं, डबडं बंद करा आणि गावाचं नाव सांगा. मागच्या सीटवरच्या बायका हसल्या.

ईट आलं. मी दोरी एकदा ओढली. गाडी थांबली, सर उतरले, बाकीचे उतरले. आता दोन. पहिली वाजली. दुसरीला हात वर राहीना, खांद्यापासून थरथरायला लागला, त्या मंगळवारसारखा.

एकच घंटी झाली होती, आणि एका घंटीवर रशीदभाई गाडी हलवत नाहीत. त्यांनी आरशात बघितलं नाही. चलू का म्हणून विचारलं नाही. ब्रेकवर पाय ठेवून समोर बघत बसले. मागून कुणीतरी म्हणालं, काय झालं बाई, चला की. खाली सर पिशवी छातीशी धरून उभे होते, शाळेची घंटा होऊन गेली तरी. त्यांची नजर माझ्या हातावर होती आणि ओठ हलत होते. ते मोजत होते.

मी दुसरा हात पहिल्याच्या खाली लावला आणि दोरी ओढली.

गाडी सुटली.